बारा तारांची गिटार घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गिटार शिकवतो आणि घरच्या घरी सेटअपची (गिटार हाताला जुळवून देण्याची), किरकोळ दुरुस्तीची कामं करतो. बारा तारांच्या गिटारी माझ्याकडे फार येत नाहीत, पण ज्या येतात त्या बहुतेक उशिराच येतात: ब्रिज (बॉडीवरचा, तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) उचलल्यावर, नाहीतर नेक (गिटारचा लांब दांडा) वाकल्यावर. घेताना पाच मिनिटं जास्त दिली असती तर त्यातल्या कितीतरी घेतल्याच गेल्या नसत्या. लोक जे विचारतात, आणि जे विचारायला हवं पण विचारत नाहीत, ते दोन्ही खाली आहे.

बारा तारा म्हणजे बारा वेगळे सूर का?

नाही. सूर सहाच, नेहमीच्या गिटारचे: ई, ए, डी, जी, बी, ई. प्रत्येक सुराला दोन तारा शेजारी शेजारी असतात आणि त्या एका बोटाने एकत्र दाबायच्या असतात. बी आणि बारीक ई या दोन जोड्यांत दोन्ही तारा अगदी सारख्या, एकाच सुरात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार नेहमीची जाड आणि दुसरी बारीक, एक सप्तक वर लावलेली. त्यामुळे एक गंमत होते. या वाद्यातली सर्वांत चढ्या सुराची तार पहिली ई नाही, तर तिसऱ्या जोडीतली बारीक जी आहे. हिच्याबद्दल पुढे बोलावंच लागेल, कारण तुटते ती हीच.

तंबोऱ्यातली जोडी आठवा. मधल्या दोन तारा एकाच षड्जात मिळवल्या तरी केसभर फरक राहतो आणि त्या फरकातूनच ती लहर उठते. बारा तारांच्या गिटारचा झुळझुळीत आवाज म्हणजे तीच लहर, वर सप्तकाची झालर. ट्यूनरवर बाराच्या बारा तारा काटेकोर मिळवून मग ‘आवाज थोडा सपाट झाला’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं चुकत नसतं.

मला अजून गिटार येत नाही. थेट हीच घेऊन शिकू का?

नको. दुप्पट तारा म्हणजे दुप्पट दाब आणि दुप्पट ट्यूनिंग. एफ कॉर्डला सहा तारांवरच रडकुंडीला येणारा माणूस इथे दुसऱ्याच आठवड्यात गिटार कपाटावर ठेवून देतो. बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) न खडखडता वाजायला लागला आणि कानाने सूर मिळवता यायला लागला की मग या.

पैसे घालण्याआधी हा आवाज मला खरंच हवाय का, हे कसं कळेल?

यावर एक झकास उपाय आहे आणि तो एका तारांच्या सेटच्या किमतीत होतो. बारा तारांचा सेट विकत आणा. त्यातल्या सप्तकाच्या चार बारीक तारा तुमच्या जुन्या सहा तारांच्या गिटारवर सहावी, पाचवी, चौथी, तिसरी म्हणून लावा आणि बी व ई नेहमीच्याच ठेवा. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. आता मित्राला साध्या गिटारवर तेच कॉर्ड वाजवायला सांगा आणि तुम्ही सोबत वाजवा, किंवा मोबाइलवर एक ट्रॅक आधी रेकॉर्ड करून त्यावर वाजवा. जे ऐकू येईल ते जवळजवळ बारा तारांचंच रूप.

महिनाभर हे करून बघा. काहींना एवढ्यानेच समाधान मिळतं. स्टुडिओतही बारातारीऐवजी हीच युक्ती पुष्कळदा वापरतात, कारण दोन वेगळ्या ट्रॅकवर आवाज स्वच्छ राहतो. काहींना मात्र दोन्ही आवाज एकाच हातातून निघायला हवे असतात. त्यांनी पुढचं वाचावं.

सगळे ‘ताण, ताण’ म्हणतात. एवढा असतो का?

असतो, आणि या वाद्याबद्दलचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून निघतं. सहा तारांच्या अकूस्टिकवर लाइट, म्हणजे बारीक तारांचा, सेट लावला की नेक आणि ब्रिज यांच्यामध्ये साधारण ७० ते ७५ किलोची ओढ असते. बारा तारांच्या लाइट सेटला, म्हणजे ०.०१० ते ०.०४७ इंचाच्या तारांना, ती ११० किलोच्या आसपास जाते. सिमेंटच्या दोन गोण्या आणि वर दहा किलो तांदूळ, एवढं ओझं तीनेक मिलिमीटर जाडीच्या पातळ फळीवर चिकटवलेला ब्रिज रात्रंदिवस धरून असतो. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही.

ही ओढ तीन ठिकाणी दिसते. ब्रिजच्या मागे गिटारचं पोट फुगतं. ब्रिजची मागची कड लाकडापासून सुटायला लागते. आणि नेक बॉडीला जिथे जोडलेला असतो तिथला कोन हळूहळू पुढे झुकतो, म्हणजे तारा उंच होतात. पहिल्या दोन गोष्टी वेळीच दिसल्या तर दुरुस्त होतात. तिसरीला नेक रीसेट, म्हणजे नेक काढून पुन्हा योग्य कोनात बसवणं, लागतो, आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत तो खर्च गिटारपेक्षाच जास्त होतो.

म्हणून लाकूड, ब्रँड, नक्षी हे सगळं नंतर. आधी पाहायचं ते ही गिटार ओढ सोसतेय का.

दुकानात नेमकं काय तपासायचं?

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा वाजवू नका. एकदा तो आवाज कानात गेला की माणूस आंधळा होतो. माझी पहिली बारातारी मी अशीच घेतली: विकणाऱ्याने जी कॉर्ड छेडला आणि मी पैसे काढले. पहिल्याच पावसाळ्यात ब्रिजची मागची कड उचलली, आणि खाली जुन्या, पिवळ्या पडलेल्या गोंदाचा थर दिसला. म्हणजे ती आधीही एकदा उचलली होती.

तर एक फूटभर स्टीलची पट्टी न्या. आधी नेक सरळ आहे ना ते पाहा: बॉडीच्या टोकाकडून एका डोळ्याने नेकच्या कडेने बघितलं की किंचितसं खोलगट वळण दिसलं तर ठीक, पिळ दिसला तर गिटार खाली ठेवा. मग पट्टी नेकच्या मधोमध, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या कांबींवर) आडवी न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकायला हवं किंवा केसभर वरून जायला हवं. ते ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर आपटत असेल तर नेकचा कोन गेलेला आहे. दुकानदार म्हणेल ‘ॲक्शन (तारांची उंची) खाली करून देतो’. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पांढरी पट्टी, घासून तो करेलही, पण सॅडल घासायला जागा किती उरली आहे ते आधी बघा. ब्रिजच्या वर पांढरी पट्टी तीन मिलिमीटर तरी दिसली पाहिजे. नव्या गिटारमध्येच ती नखाएवढी दिसत असेल, तर पुढे घासायला काहीच शिल्लक नाही.

मग एक व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. जात असेल तर नमस्कार करून निघा. पोट थोडंसं फुगीर असणं या गिटारींत नैसर्गिक आहे, सपाट फळीवर ११० किलो ओढले की ती किंचित उठणारच. पण ब्रिजच्या मागे उंचवटा आणि ब्रिजच्या पुढे, आवाजाच्या भोकापाशी खड्डा, असं दोन्ही एकदम दिसलं तर आतली आधाराची लाकडी पट्टी सुटलेली असू शकते. मोबाइलचा टॉर्च भोकातून आत टाका, कोणी हसलं तरी चालेल.

बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. जाड ईखाली अडीच मिलिमीटरपर्यंत आणि बारीक ईखाली दोनच्या आत असेल तर हाताला सुखाची. साडेतीन असेल आणि नेकचा कोन चांगला असेल तर तो सेटअपचा प्रश्न, गिटारचा नव्हे. पहिल्या फ्रेटवर कॉर्ड चढा वाजत असेल, तर नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा पुरेशा खोल केलेल्या नाहीत. हा कारखान्यातला फार नेहमीचा आळस आहे. सांगून करून घ्या.

खुंट्या बाराही फिरवा. एक अडली तर तीच पुढची दहा वर्षं तुमच्या तोंडी शिव्या आणणार आहे. आणि नटजवळ जोड्यांमधलं अंतर डोळ्यांनी पाहा. एका जोडीतल्या तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या आणि दुसऱ्या जोडीतल्या फाकलेल्या, असं काम मी महागड्या गिटारींवरही पाहिलंय.

आता वाजवा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून निघणारा सूर, जोडीतल्या प्रत्येक तारेचा वेगवेगळा तपासा. शेवटी सोबतच्या माणसाला वाजवायला द्या आणि तुम्ही समोर उभे राहा. गिटारचा आवाज समोरच्याला ऐकू येतो, वाजवणाऱ्याच्या कानाला नाही.

नेक किती रुंद हवा?

सहा तारांच्या गिटारचा नट साधारण ४३ ते ४४.५ मिलिमीटर असतो, बारा तारांच्या गिटारचा ४६ ते ४८. यामाहा एफजी८२०-१२ ही ४६ची, टेलरच्या बारातारी ४७.६च्या. दीड मिलिमीटर कागदावर काहीच नाही, हातात पुष्कळ. बोटं जाड असतील तर ४८ घ्या, कारण अरुंद नेकवर डी कॉर्ड धरताना शेजारच्या जोडीला बोट लागतंच. हात लहान असेल तर उलटा विचार करा.

सॉलिड टॉप हवाच का? आणि शिसवीचं काय?

सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची, बहुधा स्प्रूसची. लॅमिनेट म्हणजे प्लायसारखे थर. सॉलिड टॉपचा आवाज मोकळा असतो आणि वाजत्या हातात वर्षागणिक अजून मोकळा होतो, हे खरं. पण लॅमिनेट ओल-उन्हाला दाद देत नाही, हेही खरं. कोकणात राहणाऱ्या, एसी नसलेल्या घरात गिटार भिंतीला टांगणाऱ्या माणसाला मी चांगल्या जातीची लॅमिनेट घ्यायला सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मागच्या आणि बाजूच्या लाकडावर लोक नको तेवढं बोलतात. महोगनी कोरडा, नेटका आवाज देते. शिसवीत खर्ज भरतो. बारा तारांत सप्तकाचा चमचमाट आधीच भरपूर असल्याने मला स्वतःला महोगनी जास्त आवडते, शिसवीवर कधी कधी गोंगाट होतो. बाकी शिसवी म्हणजे आपलीच, सह्याद्रीतली. ब्राझीलची शिसवी दुर्मीळ झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९मध्ये भारतीय शिसवी धरली आणि जगभरच्या गिटारींच्या पाठी तिच्याच होत गेल्या. आजीच्या पाटाचं आणि पेनसिल्व्हेनियातल्या गिटारचं लाकूड एक, याचं मला उगाच अप्रूप वाटतं. २०१७मध्ये शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली होती. तयार वाद्यांना त्यातून २०१९मध्ये सूट मिळाली, तेव्हा परदेशातून शिसवीची गिटार आणताना आता पूर्वीइतकं घाबरायला नको.

ड्रेडनॉट, जंबो की लहान बॉडी?

साथीला आणि गाण्याला ड्रेडनॉट, म्हणजे नेहमीची रुंद बॉडी, पुरते. भरघोस स्ट्रमिंगला त्याहून मोठी जंबो, पण ती मांडीवर घेऊन बसणं सगळ्यांना जमत नाही. बोटांनी वाजवत असाल तर मध्यम बॉडी.

कोणतं मॉडेल घेऊ, नाव सांगा.

मॉडेलपेक्षा समोरची गिटार महत्त्वाची, एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक निघतो. तरी नावं हवीत तर घ्या. पहिली खरी बारातारी म्हणून यामाहा एफजी८२०-१२. स्प्रूसचा सॉलिड टॉप, दिखावा नाही, कारखान्यातून बरी येते. त्याच्या बऱ्याच वर टेलर १५०ई, मेक्सिकोतल्या टेकाटेच्या कारखान्यात बनणारी. टेलरचा नेक बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे कोन बिघडलाच तर दुरुस्ती सोपी. बारातारीसाठी हा गुण मी आवाजाइतकाच मोठा मानतो. गिल्ड ही या वाद्यातली मानाची जुनी कंपनी. त्यांच्या एफ-५१२ या जंबोच्या नेकमध्ये नेक सरळ ठेवणाऱ्या सळया एकाऐवजी दोन असतात, म्हणजे ओढ त्यांना आधीच कळली होती. परवडणाऱ्या मालिकेत त्यांची एफ-२५१२ई आहे, मेपलची, कमानदार पाठीची. वाजवून बघण्यासारखी.

आपल्याकडे बनणाऱ्या अगदी स्वस्त बारातारी मिळतात. आवाज पहिल्या दिवशी गोड असतो. घ्यायचीच तर तारा अतिशय बारीक लावा, खाली सुरात ठेवा, आणि ती वारसा म्हणून पोराला देण्याची स्वप्नं पाहू नका.

मुंबईत धोबीतलावला अर्धा दिवस काढून दोन-तीन दुकानं पालथी घाला. बारातारी बहुतेक ठिकाणी एकच टांगलेली असते, कधी तीही नसते, तेव्हा आधी फोन करून जा. टांगलेल्या गिटारच्या तारा महिनोन्‌महिने जुन्या असतात. नव्या लावून द्या म्हणा, पैसे मी देतो म्हणा. मेलेल्या तारांवर बारातारीचा निकाल देणं म्हणजे शिळ्या भाकरीवरून सुगरण ठरवणं.

सेकंड हँड घेऊ का?

इथे तर मी आधी सेकंड हँडच बघायला सांगेन, अट एकच: वरची तपासणी पूर्ण करायची. दहा वर्षं ओढ सोसूनही जिचा नेक जागेवर आहे ती परीक्षा पास झालेली आहे. नव्या गिटारची परीक्षा अजून व्हायचीय. शिवाय लोक हौसेने घेतात, दोन महिने ट्यून करून कंटाळतात आणि विकतात. अशा कमी वाजलेल्या गिटारी शोधा. मात्र विचारा की ती तारा पूर्ण सुरात ठेवून पडून होती की सैल करून. पाच वर्षं खोलीत पूर्ण सुरात पडलेली गिटार ही वाजलेल्या गिटारपेक्षा जास्त थकलेली असते.

अमेरिकेहून मावसभाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू?

मागवा, पण तीन गोष्टी डोक्यात ठेवून. वाजवून न बघता घेताय. वॉरंटी बहुधा त्या देशापुरती असते. आणि ती मिनेसोटातल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेतून निघून डोंबिवलीच्या दमट हवेत उतरली, तर लाकूड पाणी पिऊन फुगणार आणि तारा उंच होणार. दोन-तीन आठवडे केसमध्येच राहू द्या, मग सेटअप करा. बिल मावसभावाच्या खिशात असू द्या, कस्टमच्या सवलतीची मर्यादा त्यानेच आधी पाहावी. हार्ड केस हवीच. तारा दोनेक सूर सैल करायच्या, पूर्ण काढायच्या नाहीत.

ट्यूनिंग किती वेळ खातं? आणि खालच्या सुरात ठेवायची म्हणतात, ते का?

सुरुवातीला पंधरा मिनिटं, सवयीने चार. क्लिपचा ट्यूनर जोडी एकदम छेडली की गोंधळतो, म्हणून एक तार बोटाने धरून दुसरी छेडायची. आधी सहा जाड-मुख्य तारा ट्यूनरवर मिळवा, मग त्यांच्या जोडीदारणी कानाने. कानाने मिळवल्या की आवाज जास्त जिवंत येतो.

आता सूर. पूर्ण सहा जोड्या एक पूर्ण स्वर खाली आणल्या, म्हणजे ईची डी केली, की ताण सुमारे वीस टक्के उतरतो. ११०चे ८८ किलो. ब्रिजला, नेकला आणि तुमच्या बोटांना हा फार मोठा आराम. नेहमीचा सूर हवा तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर मोकळ्या तारांवर ईचा आकार धरला की पांढरी दोन, कापो लावला की पांढरी तीन, आणखी एक घर वर सरकवला की पांढरी चार. गायिकेला काळी चार हवी असेल तर सहाव्या फ्रेटवर ईचा आकार धरण्याऐवजी एचा किंवा जीचा आकार शोधा, फार वर गेलं की आवाज मँडोलिनसारखा चिरका होतो.

ही काही आजची युक्ती नाही. अमेरिकेतला लोकगायक लेड बेली आपली स्टेला ब्रँडची बारातारी याहून कितीतरी खाली लावायचा, आणि त्यातून तो जो गडगडाट काढायचा तो ऐकलात तर खालचा सूर ही तडजोड वाटणार नाही. माझ्या दोन्ही बारातारी कायम डीत असतात.

एकच तार सारखी तुटते. गिटार खराब आहे का?

तिसऱ्या जोडीतली बारीक जी ना? खराब नाही. ती ०.००८ किंवा ०.००९ इंचाची, केसासारखी तार सगळ्यांत चढ्या सुरावर ताणलेली असते, तुटणारच. सेट आणताना ही तार सुटी दोन-तीन घेऊन ठेवा. सुटी मिळत नसेल तर इलेक्ट्रिक गिटारची त्याच जाडीची साधी तार चालते. ती लावताना चेहरा लांब ठेवा, हे गमतीत सांगत नाही. नेहमी एकाच जागी तुटत असेल तर नट किंवा सॅडलवर धार राहिली आहे. पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, नाही थांबलं तर दाखवून आणा. आणि डीत उतरवल्यावर ती तुटणं जवळजवळ थांबतं.

साधा कापो आणि पिक चालतं का?

कापो नाही चालत, म्हणजे बऱ्याचदा बारीक तारांवर नीट बसत नाही आणि भुणभुण येते. शब आणि कायझर या दोन्ही कंपन्यांचे बारा तारांसाठी वेगळे कापो मिळतात. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ घ्या, ०.५ ते ०.७ मिलिमीटर. जाड पिकने दोन तारा दोन फटक्यांसारख्या वेगवेगळ्या वाजतात.

पावसाळ्यात कशी सांभाळू?

केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, भिंतीपासून लांब. एक छोटा आर्द्रतामापक केसमध्ये टाकून ठेवा. ४५ ते ५५ टक्के हे लाकडाचं सुख. मुंबईत ते जूनमध्ये मिळणार नाही, पण बंद केसमध्ये साठ-पासष्टपर्यंत आणता येतं. विदर्भ-मराठवाड्यात उलटी तऱ्हा: मेच्या झळांत लाकूड आकसतं, फ्रेटच्या कडा बोटाला टोचायला लागतात. तिथे केसमध्ये ओलसर स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ठेवायचा. गाडीच्या डिकीत ती उन्हात कधीच नाही, गोंद उष्णतेने मऊ होतो आणि ११० किलो वाट बघतच असतात. कोटिंगवाल्या तारा महाग, पण बारा तारा बदलायला जो पाऊण तास जातो तो धरला तर स्वस्त.

भावगीत, गझल, भजनाला चालते का?

गझलेला आणि भावगीताला सुंदर. गायक भूपिंदर सिंग आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचे आणि बारा तारांची गिटार त्यांनी आपल्या गायकीच्या साथीलाही घेतली. संथ लयीत, मोजके आघात, मध्ये जागा. पेटीसोबत वाजवताना मात्र हात आवरा. पेटी आणि बारातारी दोघी सगळी पोकळी भरून टाकणाऱ्या, गायकाला श्वास घ्यायला फट उरत नाही. आणि भजनात टाळ असतील तर मी बारातारी घरीच ठेवतो. टाळांचा झणत्कार आणि सप्तकाच्या तारा एकाच उंचीवर भांडतात, आणि टाळ नेहमी जिंकतात.

गोव्यात फाडोला (पोर्तुगीज गाण्याच्या एका प्रकाराला) वाजते ती हीच गिटार का?

नाही. ती पोर्तुगीज गिटार: तिलाही सहा जोड्यांत बारा तारा, पण बॉडी पेरूसारखी फुगीर गोल, खुंट्या पंख्यासारख्या मांडलेल्या आणि सूर लिस्बन पद्धतीने डी, ए, बी, ई, ए, बी असे. खालच्या तीन जोड्यांना सप्तक, वरच्या तीन सारख्या. तुमचे गिटारचे कॉर्ड तिथे चालणार नाहीत. पणजीत कुणाकडे पाहिलीत तर हातात घेऊन बघाच, पण तिच्या अनुभवावरून ही घेऊ नका.

बारा काढून सहाच तारा लावल्या तर?

चालतं, रुंद नेकची सहा तारांची गिटार होते. ओढ कमी झाल्यावर नेक मागे झुकून तारा फ्रेटला लागू शकतात, नेकमधली सळई सैल करावी लागते. उलटं, सहाच्या गिटारला बारा खुंट्या ठोकून मागणारेही भेटतात. ते काम मी घेत नाही.

पिकअपवाली (आवाज स्पीकरला देण्याची सोय असलेली) घेऊ का?

स्टेजवर वाजवत असाल तरच. घरी वाजवणाऱ्याने ते पैसे सॉलिड टॉपमध्ये घालावेत.

नंतर विकायची झाली तर?

वेळ लागेल. गिऱ्हाईक कमी, आणि जे येतं त्याला बहुधा ती फक्त ऐकायची असते. विकताना तारा नव्या लावा, डीत ठेवा आणि पट्टी आपणच त्याच्या हातात द्या. मी माझी ती उचललेल्या ब्रिजची गिटार दुरुस्त करून विकली तेव्हा घेणाऱ्या मुलाला गोंदाची जागा दाखवली, किंमत निम्मी सांगितली. त्याने कार्ड सरकवून पाहिलं, ते गेलं नाही. मग म्हणाला, ‘काका, आता वाजवून दाखवा.’